पहिला युरोपियन कप, १९५५-५६: रेआल माद्रिद थोडक्यात वाचलं तो हंगाम

गोलखांब (धागाकर्ता)

चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे जुन्या युरोपियन कपाचा, मोसम आला की रेआल माद्रिदच्या कपांची मोजदाद सुरू होते. त्यात १९५६ ते १९६० हे सलग पाच कप लोक एका दमात मोजून पुढे जातात, जणू ते रेआलच्या नावावर आधीच लिहून ठेवले होते. पहिला कप तरी तसा नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत पार्टिझान बेलग्रेडविरुद्ध दोन सामन्यांची बेरीज ४-३, उपांत्य फेरीत मिलानविरुद्ध ५-४, अंतिम सामन्यात फ्रान्सच्या रीम्सविरुद्ध ४-३. तिन्ही वेळा फरक एका गोलाचा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. १९५५-५६ची स्पॅनिश लीग अ‍ॅथलेटिक बिल्बाओने जिंकली होती. म्हणजे हा कप हुकला असता तर पुढच्या वर्षी रेआल स्पर्धेतच नसतं. ते आलं गतविजेते म्हणून. पाच कपांची सगळी माळ या एका हंगामावर लटकली आहे, म्हणून हा धागा तेवढ्यापुरता.

सुरुवात इंग्लंडमधून करू. १३ डिसेंबर १९५४, वुल्व्हरहॅम्प्टनचं मोलिन्यू मैदान, प्रकाशझोतातला मैत्रीपूर्ण सामना. पाहुणे बुडापेस्टचे हॉनवेड, म्हणजे पुश्काश, कोचिश, बोझिक ही मंडळी. ज्या हंगेरीने वर्षभरापूर्वी इंग्लंडला वेंब्लीवर ६-३ आणि नंतर बुडापेस्टला ७-१ असं धुतलं, तिचा कणा या क्लबात होता. मध्यंतराला हॉनवेड २-० पुढे. पण वुल्व्ह्जचे मॅनेजर स्टॅन कलिस यांनी आधीच ओल्या असलेल्या मैदानावर आणखी पाणी मारून घेतलं होतं. उत्तरार्धात त्याचा पुरता चिखल झाला, हंगेरियनांचे आखूड पास त्यात रुतायला लागले आणि लांब चेंडू मारणारे वुल्व्ह्ज ३-२ने जिंकले. दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना जगज्जेते करून टाकलं.

पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकातल्या गॅब्रिएल आनो यांना हे काही पटलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवा, मिलान आणि रेआल माद्रिदही आहेत, मग बोलू. आणि नुसतं बोलून न थांबता त्यांच्या पेपराने युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा आराखडाच मांडला. त्यांचे सहकारी जॅक फेरां यांनी १९४८ साली चिलीत, सांतियागोला, दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा पाहिली होती. ती कल्पना डोक्यात होतीच. युरोपात मध्य युरोपापुरता मित्रोपा कप १९२७पासून होता, फ्रान्स-इटली-स्पेन-पोर्तुगाल या चौघांचा लॅटिन कप १९४९पासून. पण अख्ख्या खंडासाठी, एकदा घरी आणि एकदा परक्या मैदानावर, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, असं काही नव्हतं.

यात युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, कुठे? तर ती संस्था १५ जून १९५४ला बासेलमध्ये जन्मलेली, अजून अंगाने भरलेली नव्हती आणि क्लबांच्या स्पर्धेत तिला फारसा रसही नव्हता. मग लेकिपने स्वतःच क्लबांना पत्रं धाडली आणि एप्रिल १९५५च्या सुरुवातीला पॅरिसच्या एका हॉटेलात सगळ्यांना बसवलं. नियम ठरले, समिती झाली. समितीचे उपाध्यक्ष दोन: रेआलचे सांतियागो बर्नाबेऊ आणि हंगेरीचे गुस्ताव शेबेश. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधला एक आणि कम्युनिस्ट हंगेरीचा एक, शेजारी शेजारी. मग फिफाने मान्यता दिली, पण स्पर्धा युएफाने चालवावी या अटीवर. जून महिन्यात युएफाने ती हाती घेतली आणि सप्टेंबरात पहिला सामना झालासुद्धा.

बेलग्रेड आणि अंतिम सामन्याबद्दल प्रतिसादात लिहितो, टंकायला वेळ लागतोय.

मेतकूट

वाचतेय. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी धरून ठेवलंत. एक शंका: पेपरवाल्यांना यात काय मिळणार होतं?

गोलखांब

खप! फुटबॉल शनिवार-रविवारी, त्यामुळे सोमवारी पेपर हातोहात जाणार आणि बुधवार-गुरुवारी छापायला काही नाही. मधल्या वारी मोठे सामने झाले तर आठवडाभर बातमी. फ्रेंच पेपरांची ही जुनी युक्ती आहे. १९०३ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यतही लेकिपच्या आधीच्या पेपराने, 'लोतो'ने, खप वाढवायलाच काढली होती. दर वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओरही याच वर्तुळातून, १९५६मध्ये निघाला. पहिला मिळाला स्टॅन्ली मॅथ्यूजना, रेआलचा डी स्टेफानो दुसरा.

आकडेमोड

लेख छान, पण याला 'चॅम्पियन' क्लबांची स्पर्धा म्हणणं जरा धाडसाचं आहे. १६ संघांपैकी आदल्या मोसमातले आपापल्या देशाचे विजेते फक्त ७: रेआल, मिलान, रीम्स, अँडरलेख्ट, रॉट-वाइस एसेन, युरगार्डन आणि डेन्मार्कचा आरहूस. बाकी सगळी आमंत्रणाची पंगत. पोर्तुगालचं विजेतं बेनफिका, खेळलं स्पोर्टिंग. स्कॉटलंडचं विजेतं अ‍ॅबर्डीन, खेळलं हिबर्निअन, जे लीगमध्ये पाचवं आलं होतं. युगोस्लाव्हियाचं विजेतं हाय्दुक, खेळलं पार्टिझान. हॉनवेड, ज्यांच्यावरून हे सगळं सुरू झालं, तेच नाहीत! त्यांच्या जागी व्होरोश लोबोगो, म्हणजे आपलं बुडापेस्टचंच एमटीके. सोव्हिएत क्लब तर १९६६-६७पर्यंत फिरकले नाहीत. मग आनो यांच्या 'मॉस्कोला जाऊन दाखवा'चं काय झालं?

चहाटळ

थोडक्यात, लग्नाचं बोलावणं गेलं एकाला आणि जेवून गेला दुसराच. ;-)

गोलखांब

@आकडेमोड, आकडे बरोबर, निष्कर्ष नाही. क्लब निवडताना लेकिपने विचार केला तो कोण गर्दी खेचेल आणि कोण खरोखर येईल याचा. हिबर्निअनचंच घ्या. त्यांच्या ईस्टर रोड मैदानावर दिवे होते, परदेशी संघांशी खेळायची सवय होती, शिवाय अध्यक्ष हॅरी स्वान स्कॉटिश संघटनेतही वजनदार. हे बोलावणं वशिल्याचं म्हणा हवं तर, पण त्यांनी उपांत्य फेरी गाठली. एसेनला जाऊन जर्मन विजेत्यांना ४-० हरवलं. पुढची फेरी स्वीडनच्या युरगार्डनशी. स्वीडनमधल्या हिवाळ्यामुळे युरगार्डनचा 'घरचा' सामनाही ग्लासगोच्या फरहिल मैदानावर झाला, तिथे हिबर्निअन ३-१ने जिंकले. परका सामना खेळायला एडिंबराहून ग्लासगो!

इंग्लंडची गोष्ट मात्र वाईट वाटण्यासारखी. चेल्सी आयुष्यात पहिल्यांदा लीग जिंकलेले, आमंत्रण आलेलं, पहिल्या फेरीत युरगार्डनशी गाठही पडलेली. इंग्लिश लीगच्या धुरीणांनी घरच्या सामन्यांना अडचण होईल म्हणून डोळे वटारले आणि चेल्सीने माघार घेतली. त्यांच्या जागी आलं वॉर्साचं ग्वार्डिया. ज्या देशाच्या बढाईवरून स्पर्धा जन्माला आली तो देशच गैरहजर. पुढच्या वर्षी मॅनेजर मॅट बझबींनी लीगचा विरोध झुगारून मँचेस्टर युनायटेडला नेलं. म्हणून आजही अनेकांना वाटतं की युरोपात गेलेला पहिला ब्रिटिश क्लब युनायटेड. तो हिबर्निअन.

राइनकाठचा

सारब्रुकेनबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मी तिथून फार लांब राहत नाही, म्हणून हा प्रतिसाद देणं भागच आहे. जर्मनीकडून एसेन खेळलं असताना सारब्रुकेन कुणाकडून? तर सारलँडकडून. महायुद्धानंतर तो भाग फ्रान्सच्या देखरेखीखाली वेगळा काढला होता, फिफाचं स्वतंत्र सदस्यत्व होतं, १९५४च्या विश्वचषकाची पात्रता फेरी ते पश्चिम जर्मनीविरुद्धच खेळले होते. १ नोव्हेंबर १९५५ला हे सारब्रुकेन मिलानच्या सान सिरोवर उतरलं. समोर नॉर्डाल, लिडहोम, स्कियाफिनो असे दिग्गज. निकाल: मिलान ३, सारब्रुकेन ४! परतीच्या सामन्यात मिलानने ४-१ने उट्टं काढलं आणि प्रकरण मिटलं.

गंमत अशी की या सामन्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २३ ऑक्टोबरला, सारलँडच्या जनतेने वेगळ्या दर्जाचा प्रस्ताव मतपेटीतून फेटाळला होता. १ जानेवारी १९५७ला सारलँड पश्चिम जर्मनीत सामील झालं. म्हणजे संघ ज्या 'देशा'कडून खेळला तो देश तेव्हाच निरोपाच्या वाटेवर होता.

मेतकूट

हे भारीच आहे. शाळेत कुणी असा इतिहास शिकवला असता तर!

म्हापशेकर

पहिला सामना लिस्बनला झाला, त्याबद्दल दोन ओळी. ४ सप्टेंबर १९५५, स्पोर्टिंग विरुद्ध पार्टिझान, ३-३. युरोपियन कपाचा पहिलावहिला गोल स्पोर्टिंगच्या जुआंव बाप्तिश्ता मार्टिन्सचा. पार्टिझानच्या मिलोश मिलुतिनोविचने तिथे २ आणि बेलग्रेडच्या परतीच्या सामन्यात ४ गोल ठोकले. तो सामना ५-२ झाला, लिस्बनवाले घरी. मिलुतिनोविच स्पर्धेत एकूण ८ गोलांसह सगळ्यांच्या पुढे राहिला.

आम्हां गोंयकारांना ती तारीख वेगळ्या कारणानेही लक्षात राहते. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात महाराष्ट्रातून आलेलेही होते. त्याला तीन आठवडेही झाले नव्हते आणि लिस्बनमध्ये युरोपच्या मैत्रीचा सोहळा चालला होता. लेकिपवाल्यांचा यात काही दोष नाही, पण मला ते ३-३ वाचताना हे आठवतंच.

रंकाळ्याकाठी

लई भारी धागा! पार्टिझानचं नाव वाचून एक सांगायचं र्‍हायलं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकात आपल्या संघाला युगोस्लाव्हियानं १०-१ हाणलं होतं. आपली बरीच पोरं अनवाणी खेळत होती. त्यात एकट्या ब्रँको झेबेत्सचे ४ गोल. ह्यो झेबेत्स पार्टिझानचाच की! म्हणजे रेआलला ज्यांनी घाम फोडला त्यातल्या गड्याचा हिसका आपण आधीच बघितला होता. त्या हाराकिरीनंतर आपल्याकडं बूट सक्तीचे झाले म्हणतात.

म्हापशेकर

@रंकाळ्याकाठी, आणि १९५६ला मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर. पहिला गोल आपला होता, आमच्या आसगावच्या नेव्हिल डिसोझाचा! शेवटी १-४ हरलो ते वेगळं. पण चार वर्षांत १-१० वरून १-४, तेही आघाडी घेऊन.

चहाटळ

अवांतर खूप झालं, बेलग्रेड येऊ द्या.

गोलखांब

आलं.

उपांत्यपूर्व फेरीचा पहिला सामना माद्रिदला, २५ डिसेंबर १९५५ला, ऐन नाताळात. स्पेन आणि युगोस्लाव्हिया यांच्यात तेव्हा राजनैतिक संबंधच नव्हते. शिवाय पार्टिझान हा युगोस्लाव्हियाचे कम्युनिस्ट सत्ताधीश टिटो यांच्या सैन्याचा क्लब. तरी तो कॅथलिक स्पेनमध्ये ख्रिसमसच्या दिवशी येऊन खेळला. (पुढे १९६०मध्ये राष्ट्रांच्या युरोपियन स्पर्धेत फ्रँकोने स्पेनच्या संघाला मॉस्कोला जाऊच दिलं नाही. त्या मानाने हे आश्चर्यच.) रेआल ४-० जिंकलं. इथे विषय संपला असं कुणालाही वाटेल.

परतीचा सामना २९ जानेवारी १९५६. बेलग्रेडमध्ये मैदानावर बर्फ, खाली जमीन गोठलेली. आजच्या दिवसात पंच नाणं खिशातून काढायच्या आधीच सामना रद्द करतील. रेआलच्या खेळाडूंना त्या जमिनीवर धड उभं राहता येईना. मिलुतिनोविच आणि मंडळी मात्र अंगणात खेळावं तशी खेळत होती. सामना ०-० असताना रेआलला पेनल्टी मिळाली. मारायला आला एक्तोर रिआल (रेआलचा रिआल, गोंधळू नका). पाय घसरला आणि चेंडू आडव्या दांडीवरून बाहेर. तो गोल झाला असता तर पार्टिझानचा उत्साह तिथेच मावळला असता. उलट झालं. एक, दोन, तीन असे गोल खात रेआल शेवटच्या मिनिटांपर्यंत अक्षरशः गोलपाशी चेंडू बाहेर भिरकावत बसलं. ३-० झाले, चौथा गोल झाला नाही. झाला असता तर ४-४ आणि तिसरा सामना.

रेआलच्या पुढच्या पाच वर्षांची चर्चा करताना लोक डी स्टेफानोच्या गोलांची चित्रफीत लावतात. मी तर या ०-३च्या पराभवाची लावेन.

मिलानविरुद्धचं थोडक्यात: माद्रिदला ४-२, मिलानला १-२. मिलानचे तिथले दोन्ही गोल पेनल्टीचे. दुसरीकडून रीम्स. त्यांनी व्होरोश लोबोगोला पॅरिसमध्ये ४-२ने हरवलं आणि बुडापेस्टला ४-४ बरोबरी केली. दोन सामन्यांत १४ गोल! मग हिबर्निअनला २-० आणि १-०.

आकडेमोड

बेलग्रेडचं वर्णन आवडलं. व्होरोश लोबोगोबद्दल एक भर. त्यांच्या पेटर पलोताशने अँडरलेख्टविरुद्ध ६-३च्या सामन्यात स्पर्धेतली पहिली हॅटट्रिक केली. याच संघात वेंब्लीचा नायक हिदेगकुटीसुद्धा. एकूण २९ सामन्यांत १२७ गोल, म्हणजे सामन्याला ४च्या वर. बचाव नावाची गोष्ट तेव्हा युरोपात पोहोचली नव्हती बहुतेक.

आणि 'पहिली स्पर्धा' या बिरुदाला एक टाचणी लावतो. व्यापारी जत्रा भरवणाऱ्या शहरांचा फेअर्स कप याच्याही आधी, ४ जून १९५५ला सुरू झाला होता: बासेल विरुद्ध लंडन, ०-५.

गोलखांब

टाचणी मान्य, पण तो फेअर्स कप संपला कधी? १९५८ला! व्यापारी जत्रांच्या तारखा सांभाळत तीन वर्षं रेंगाळला आणि बार्सिलोनाने जिंकला. लेकिपवाल्यांची हुशारी इथेच दिसते. एका हंगामात सुरुवात आणि एका हंगामात शेवट, हे त्यांनी पक्कं केलं. प्रेक्षकाला पुढच्या महिन्यात काय होणार याची हुरहुर लागली पाहिजे, तीन वर्षांनी नव्हे.

आता अंतिम सामना. १३ जून १९५६, पॅरिसचं पार्क द प्रँस, ३८,२३९ प्रेक्षक, पंच इंग्लंडचे आर्थर एलिस. बरोबर वर्षभरापूर्वी, जून १९५५मध्ये, याच मैदानावर हेच दोन संघ लॅटिन कपाच्या अंतिम सामन्यात भिडले होते आणि रेआल २-० जिंकलं होतं. त्यामुळे रीम्सला हिशोब चुकता करायचा होता. गर्दी त्यांची, देश त्यांचा, प्रशिक्षक आल्बेर बातो.

सहाव्या मिनिटाला लब्लाँचं हेडर, दहाव्याला तांप्लँ. २-०. रेआलच्या जागी दुसरा कुठलाही संघ असता तर इथेच गळपटला असता, असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं संघापेक्षा एका माणसाचं श्रेय आहे. १४व्या मिनिटाला डी स्टेफानो मागून चेंडू घेऊन धावत आला आणि त्याने एक गोल फेडला. तो कागदावर सेंटर फॉरवर्ड, पण खरं तर सगळीकडे. बचावात चेंडू हिसकावणार, मध्ये वाटप करणार आणि गोलही करणार. तिसाव्या मिनिटाला रिआलने २-२ केले.

उत्तरार्धात ६२व्या मिनिटाला मिशेल इदाल्गोने हेडरने रीम्सला पुन्हा पुढे नेलं. (हाच इदाल्गो पुढे १९८४मध्ये फ्रान्सला युरोपचं विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षक.) आणि मग पाचच मिनिटांत या हंगामाला साजेसा गोल झाला. रेआलचा मार्कितोस हा अस्सल बचावपटू, मध्यरेषा ओलांडणं हे त्याचं कामच नाही. तो चेंडू घेऊन जो सुटला तो थेट रीम्सच्या गोलपर्यंत, आणि चेंडू कुणाच्या तरी अंगाला लागून आत गेला. ३-३. ७९व्या मिनिटाला रिआलचा दुसरा, ४-३. बेलग्रेडला घसरलेल्या रिआलने इथे फेड केली.

चहाटळ

कोपाचं प्रकरण टाळलंत की काय? रीम्सचा हुकमी एक्का रेमों कोपा त्या सामन्याआधीच रेआलशी करार करून बसला होता. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अंतिम सामना खेळायचा त्यांच्याकडेच दुसऱ्या महिन्यात नोकरी! आज असं झालं तर समाजमाध्यमांवर त्याची सालटी काढतील. रीम्सचे तीन गोल झाले त्यात कोपाचा एकही नाही, हे मी फक्त नोंदवतो. हलके घ्या.

गोलखांब

टाळलं नव्हतं, पण यात काही पाणी मुरतंय असं मला वाटत नाही. कोपाचं काम मुळात गोल करण्यापेक्षा करून देण्याचं होतं. ते त्याने त्या दिवशीही केलं. इदाल्गोचा गोल कोपाच्या फ्री किकवर आला. आणि रेआलची पद्धतच ती होती, समोर जो त्रास देईल त्याला पुढच्या वर्षी आपल्यात ओढायचा. कोपा तिथे तीन कप जिंकला, १९५८चा बॅलन डी'ओर मिळवला आणि १९५९ला रीम्समध्ये परत आला. त्याच १९५९च्या अंतिम सामन्यात, श्टुटगार्टला, तो रेआलकडून रीम्सविरुद्धच खेळला! रेआल २-०.

रीम्सचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. शॅम्पेनच्या गावचा संघ, देखणा खेळ, दोन अंतिम सामने, दोन्ही एकाच संघाकडून गेले. माद्रिदच्या पाच कपांची यादी सगळ्यांना पाठ, पण बातोंच्या रीम्सबद्दल दहा वाक्यं सांगणारा माणूस शोधावा लागतो.

मेतकूट

मूळ कप आता कुठे आहे? आता देतात तो कानांसारख्या मुठींचा चषक तेव्हाचाच का?

आकडेमोड

नाही. पहिला चषक लेकिपने दिला होता, दिसायला वेगळा. सहा विजेतेपदांनंतर, १९६७मध्ये, युएफाने तो रेआलला कायमचा देऊन टाकला. मोठ्या कानांचा चषक त्यानंतर बर्नमधल्या युर्ग श्टाडेलमान यांनी घडवला, उंची ७३.५ सेंमी.

बाकी धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत. एका गोलाने तीनदा सुटका होते तेव्हा तीनदा नशीब नसतं. दोन गोलांनी मागे पडून अंतिम सामना जिंकणं हे नशिबाचं काम नाही.

गोलखांब

नशीब मी म्हटलंच नाही. अटळ नव्हतं एवढंच म्हणतोय.

रंकाळ्याकाठी

एक इचारतो. पार्टिझानचा चौथा गोल झाला असता तर तिसरा सामना, म्हणता. परक्या मैदानावरचा गोल दुप्पट धरायचा नियम तेव्हा नव्हता व्हय?

गोलखांब

नव्हता. युरोपियन कपात तो १९६७-६८ला आला. तोपर्यंत बरोबरी झाली की तिसरा सामना. आणि हाच तुमचा प्रश्न रेआलला दुसऱ्याच वर्षी भोवणार होता. १९५६-५७, रॅपिड व्हिएन्ना. माद्रिदला रेआल ४-२. व्हिएन्नाला रॅपिडच्या अर्न्स्ट हॅपलने, तोही बचावपटूच, तीन गोल हाणले आणि सामना ३-१ झाला. बेरीज ५-५. तिसरा सामना झाला तो पुन्हा माद्रिदलाच, आणि रेआल २-०ने सुटलं. परक्या मैदानावरचे गोल धरले असते तर रॅपिडचे २, रेआलचा १.

आकडेमोड

म्हणजे दुसऱ्या कपावर पण धागा येणार तर. त्यात हॉनवेडचं घ्या. बिल्बाओला सामना खेळून संघ परतायच्या बेतात आणि मागे बुडापेस्टमध्ये उठाव चिरडायला आलेले रशियन रणगाडे. परतीचा 'घरचा' सामना त्यांना ब्रुसेल्सला खेळावा लागला, ३-३ झाला आणि ते बाहेर. पुश्काश तिथून हंगेरीत परतलाच नाही, १९५८ला तो रेआलकडे आला.

चहाटळ

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि त्या वेळी अवांतर कमी करा, म्हापशेकर आणि रंकाळ्याकाठी यांना सांगतोय असं समजू नका, सांगतोय.

म्हापशेकर

१९५६-५७ म्हणजे मेलबर्नचंच वर्ष. जमणार नाही.